कथिलाचं औषध

त्या रविवारी खेमचंदांचा चहा दोनदा गार झाला. दुकानात बोलायला माणसं होती, आणि बोलण्यापुढं खेमचंदांना चहा सुचत नसे.

शेलूबाजारच्या हमरस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं. बियाणं, मोटेचे नाडे, फावडी, घमेली आणि अलीकडं आलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या नळ्या. शेतकऱ्याला लागणारं सगळं तिथं मिळे. फक्त कीड मारायचं औषध मिळत नसे. जैनाच्या दुकानात मरण विकायचं नाही, हे त्यांनी दुकान उघडलं त्याच दिवशी ठरवलं होतं. कुणी औषध मागायला आलं की ते स्वतः उठून त्याला समोरच्या दुकानाची पायरी दाखवत. त्यामुळं समोरच्याचं चांगलं चाललं होतं.

"तुमच्या पुण्याईवर त्याची माडी बांधून झाली," धापूबाई आतून म्हणत.

"पुण्याईला कुठंतरी फळ यायलाच पाहिजे ना. समोर आलं," खेमचंद म्हणत, आणि आपल्याच बोलण्यावर खूश होत.

राजमती त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. रोज एसटीनं जाई-येई. रविवारी मात्र दुकानात मागच्या पोत्यांवर पाय वर घेऊन वाचत बसे. वाचायला पुस्तक नसलं तर पुड्या बांधायची रद्दी वाचे. "माझी राजी किमया शिकली आहे," असं खेमचंद गिऱ्हाइकांना सांगत. रसायन म्हणजे किमया नव्हे, हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

खरं तर खेमचंदांची पुष्कळशी माहिती चुकीचीच असे. माणूस चंद्रावर गेला तो बरा मुहूर्त पाहून गेला, अमावस्येला निघाला असता तर त्याला चंद्र सापडलाच नसता, असं ते अगदी मनापासून सांगत. राजमती पोत्यावर बसून ऐके आणि पान उलटे. त्यांना खोडून काढायची भीती अशी नव्हतीच. पण एखादी गोष्ट समजावून सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळे की तो उजेड मालवायला तिचा हात धजत नसे. आणि चंद्राचं चुकल्यानं शेलूबाजारात कुणाचं काय बिघडणार होतं?

त्या आठवड्यात दुकानात एक नवीन गोष्ट आली होती. अकोल्याकडून एका कंपनीचा विक्रेता येऊन पांढऱ्या भुकटीच्या काही पिशव्या नमुना म्हणून ठेवून गेला होता. त्यांना ना लेबल होतं, ना खूण; साध्या खाकी पिशवीवर पेनानं एक लांबलचक नाव. औषध म्हटल्यावर खेमचंद हात मागे घेणार होते. पण विक्रेता म्हणाला, हे कीड मारत नाही, बुरशी मारतं. कशापासून केलंय, असं खेमचंदांनी विचारलं, तर तो म्हणाला, कथिलापासून.

तिथंच सगळं ठरलं. खेमचंदांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि कल्हईवाल्याच्या भात्यापाशी बसूनच त्यांचं बालपण गेलं होतं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट घातलं की कळकतं, माणसं आजारी पडतात. वर कथिलाचा हात फिरला की तेच भांडं अन्नाला जपतं. कथिलाची कांडी वाकवली की ती बारीक कुरकुरते. राजमती लहान असताना ते तिच्या कानाशी कांडी नेऊन वाकवत आणि म्हणत, "ऐक. एवढा गरीब धातू आहे, वाकवलं तरी नुसता कुरकुरतो."

"पण बाबा," राजमती त्या रविवारी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बुरशीत पण जीव असतात ना? लोणच्यावर पांढरं आलं तर आई बरणीला हात लावत नाही. एका टिपक्यात अनंत जीव, म्हणते."

खेमचंदांनी चहा बाजूला सारला. "असतील अनंत. पण कथिलानं त्यांना मरण येणार नाही. ते नुसते निघून जातील."

"कुठं?"

"समोरच्या दुकानात."

धापूबाई आतून हसल्या, तेवढ्यात पुंजाजी आला. पुंजाजी बारी. गावाबाहेर नाल्याच्या काठाला त्याचा पानमळा होता. तो आला की आधी खेमचंदांच्या हातात चार पानं ठेवी. चातुर्मासात खेमचंदांचं पान बंद असे. मग ते पान नुसतं हुंगत, "छान आहे हं," म्हणत आणि परत देत. आज मात्र पुंजाजीनं हुंगायला पान दिलं नाही, पाहायला दिलं. पानावर काळे डाग होते आणि डागाभोवती पिवळी कडी.

"पाहा जी शेठ. अर्धा मळा असा होऊन राह्यला. मोरचूद-चुना मारून थकलो. आन पाय पाहा माये."

त्यानं तळवा वर केला. भेगांत निळसर डाग भरले होते. नागवेलीच्या मळ्यात पायात काही घालून जायचं नाही, हा बाऱ्यांचा, म्हणजे पानमळे करणाऱ्यांचा, नेम. अंघोळ करून, पाय धुऊन, अनवाणीच आत शिरायचं. विटाळा-सुतकाच्या माणसानं कुडाच्या आत यायचंही नाही. वेल म्हणजे देवच, आणि देवळात कोण चपला घालून जातं? तेव्हा जे काही फवारलं जाई ते ठिबकत त्याच्या पायांवरच येई.

खेमचंदांना त्या भेगा बघवल्या नाहीत. त्यांनी एक पिशवी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे घेऊन जा. कथिलाचं औषध आहे. मोरचुदासारखं पाय खाणार नाही."

"हातानं कालवलं तं चालन काय?"

"अरे, घरी कथिलाची कल्हई केलेल्या भांड्यात जेवतोस ना? मग? खुशाल हातानं कालव. माझा शब्द."

"मंग काही इचारनंच नाही," पुंजाजी म्हणाला.

राजमतीनं पुस्तक मिटलं आणि दुसरी एक पिशवी उचलून वरचं नाव वाचलं. ट्रायफेनिल, आणि पुढं टिन. कॉलेजातला एक तास तिला अर्धवट आठवला. सर फळ्याशी उभे होते आणि म्हणत होते, की धातू ही एक गोष्ट आणि कर्बाला जोडलेला धातू ही निराळीच. पुढं काय म्हणाले होते, ते आठवेना.

"बाबा, मी अकोल्याला जाऊन सरांना एकदा विचारून येते. तोवर थांबायचं का?"

"विचार की! विचारायला कोण नाही म्हणतं?" खेमचंद पुंजाजीकडं वळले. "तू पंचमीआधी तर काही फवारणार नाहीस ना?"

"नाही जी. नागपंचमी होईलोक वेलीले बोट लावत नसतो आमी."

"मग झालं तर. पुष्कळ अवकाश आहे."

एवढंच झालं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तिघं जेवली. धापूबाईंनी ज्वारीच्या भाकरीबरोबर कढी केली होती. ती खेमचंदांनी दोनदा मागून घेतली आणि जेवता जेवता पुंजाजीच्या पायांची हकीकत सांगितली, जणू ते पाय बरेही झाले होते. मग ते बाहेरच्या बाकावर बसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत राहिले. राजमती दारात बसून वह्या तपासत होती. त्या दिवसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खेमचंद सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसले ते उठले नाहीत. धापूबाई दूध घेऊन गेल्या तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, आणि चेहऱ्यावर कुणाला तरी काही समजावून सांगत असल्यासारखा भाव होता.

उठावण्याला, दुखवट्याच्या बैठकीला, घर भरून गेलं. ज्याला त्याला खेमचंदांची एक तरी गोष्ट सांगायची होती. पावसानं रस्ता बंद झाला तेव्हा त्यांनी एसटीभर माणसांना घरी आणून जेवू घातलं होतं, ती गोष्ट तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली. एकाच्या तोंडी तर दोन एसट्या होत्या. रडता रडता माणसं हसत होती. राजमती आतल्या दाराशी बायकांत बसली होती. तिच्या डोळ्यांना पाणी येत नव्हतं, पण आत कुठंतरी एक निवांतपणा होता. इतक्या माणसांनी इतकं चांगलं बोलावं आणि त्यातलं काहीच खोटं नसावं, हे किती जणांच्या वाट्याला येतं?

मग पुंजाजी बोलला. शेवटच्या रांगेत तो पागोटं मांडीवर घेऊन बसला होता.

"शेठनं मले रविवारी औषध देल्लं. म्हने, पुंजाजी, माया शब्द हाय. तो त्याइचा शेवटचा शब्द. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच फवारतो. आता त्या शब्दाले मी वाया जाऊ देत नाही."

लोकांनी माना हलवल्या. राजमतीनं मात्र मान हलवली नाही. फळ्याशी उभे असलेले सर आठवत होते, आणि पुढचं वाक्य अजूनही आठवत नव्हतं.

"आई, मला उद्या अकोल्याला जायचंय," माणसं पांगल्यावर ती म्हणाली.

"सुतकात?"

"एसटीला सुतक नसतं."

धापूबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. नवरा गेल्यापासून त्या एकदाही मोठ्यानं रडल्या नव्हत्या; कामाची माणसं येत-जात होती, त्यांना काय हवं-नको ते बघत होत्या. "त्या भुकटीचं आहे ना? तुझ्या तोंडावर रविवारपासून लिहिलेलं आहे. जा. विचारून ये. पण राजी, लोक आत्ता काय म्हणून गेले ते तू ऐकलंस. त्यांचं नाव राख."

पंचमीचा दिवस, कॉलेजला सुट्टी. पण तिचे रसायनाचे उदयसिंग सर कॉलेजच्या आवारातच राहत आणि सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत सापडत. त्यांनी राजमतीचे वडील गेल्याचं ऐकून घेतलं, दोन शब्द बोलले, आणि तिचं मन कशात तरी गुंतवणं बरं असं पाहून तिनं आणलेल्या पिशवीवरचं नाव वाचलं.

"पिशवी उघडलीस?"

"नाही सर."

"उघडू नकोस. बस."

त्यांनी फळ्यावर खडूनं एक ठिपका काढला. "हे कथिल. गरीब गाय. पोटात गेलं तर आलं तसं निघून जातं. म्हणून तर भांड्यांना लावतात." मग ठिपक्याला त्यांनी तीन कड्या जोडल्या. "आणि ही डांबरातून निघते तसली कर्बाची कडी. ही चिकटली की त्याच कथिलाला चरबीतून चालता येतं. आपली कातडी, डोळे, मेंदू. चरबी कुठं नाही? पाण्यात ते फारसं विरघळत नाही, नुसतं तरंगतं. पण माणसाच्या आत वाट काढतं."

"म्हणजे विषच."

"किती कड्या आणि कोणत्या, त्यावर आहे. लांब साखळ्यांचे दोन हात लावले, तर ते प्लास्टिकच्या नळ्या करताना घालतात. उष्णतेनं नळी पिवळी पडत नाही. तसे तीन हात लावले, तर जहाजाच्या बुडाच्या रंगात जातं. शिंपले-बिंपले बुडाला चिकटायला येतच नाहीत. आणि या तीन कड्या लावल्या की ही तुझी भुकटी. बटाट्याच्या करप्यावर नामी आहे. युरोपात मारतात." ते टेबलाच्या कडेवर टेकले. "तिकडं फ्रान्समध्ये वीस वर्षांपूर्वी काय झालं माहीत आहे? गळवांवर कथिल द्यायची त्यांची जुनी रीत. कुणाला तरी वाटलं, त्यालाच कर्ब जोडून दिलं तर जास्त लागू पडेल. गोळ्या निघाल्या. शंभराच्या आसपास माणसं गेली, मेंदूला सूज येऊन. सगळ्यांचा समज एकच, कथिलानं काय होतंय."

 आपल्या बाबांसारखीच चूक करणारी माणसं इतक्या दूर, आणि इतकी शिकलेली होती, हे ऐकून राजमतीला आधी धीर आला आणि लगेच भीती वाटली.

"तुमच्याकडं कशावर मारणार आहेत? बटाट्यावर?"

"पानावर. खायच्या पानावर."

सरांच्या हातातला खडू खाली आला. "बटाटा जमिनीखाली असतो. त्याचा पाला कुणी खात नाही. पान तर..."

"फडक्यानं पुसतात, चुना लावतात आणि तोंडात घालतात."

"बाळंतिणीसुद्धा खातात," सर म्हणाले. मग जरा विचार करून, "एक आहे, उन्हात हे टिकत नाही. ऊन लागलं की कड्या एकेक करून गळतात आणि हळूहळू साधं कथिल उरतं."

"पानमळ्यात ऊन येत नाही, सर. येऊ देत नाहीत. सावली असेल तरच वेल जगते."

 मग सरांनी एकामागून एक सांगितलं, आणि तिनं ते पाठ केलं. हात लावू नये, भुकटी नाकात जाऊ देऊ नये, डोळ्यांत गेली तर पाण्यानं धूतच राहावं आणि डॉक्टरांना दाखवावं. उरलेली नाल्यात टाकू नये. मासे आधी मरतील. घट्ट बांधून सगळी इकडं आणावी.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की जहाजाच्या बुडाची गोष्ट बाबांना सांगायची म्हणून ती मनात घोळवते आहे. त्यांना ही सांगितली असती, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या शेलूबाजारला ठाऊक झालं असतं की जहाजाला आतून-बाहेरून कल्हई करतात. तिला हसू आलं. शेजारच्या बाईनं पाहिलं, तेव्हा ती खिडकीकडं वळली. बाहेर शेतं हिरवीगार होती, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती, आणि बराच वेळ तिला त्यातलं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुंजाजीच्या मळ्याकडं निघाली तेव्हा धापूबाई दारात उभ्या होत्या. रात्री लेकीनं सगळं सांगितलं होतं.

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुंजाजीला सांगून टाक, की बाबा जायच्या आदल्या संध्याकाळीच मला म्हणाले होते, ते औषध परत आण. तो ऐकेल. माणसाचंही भलं होईल आणि त्यांच्या शब्दालाही धक्का लागणार नाही."

"पण ते असं म्हणाले नव्हते."

"म्हणाले असते, कळलं असतं तर."

राजमतीनं आईचा हात हातात घेतला, जरा दाबला आणि पायऱ्या उतरली. वाटेत तिनं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. सोपं होतं. गुळगुळीत होतं.

पानमळ्याच्या कुडाशी ती पोहोचली तेव्हा आतून पंपाच्या दांड्याचा आवाज येत होता. पंप अजून भरायचा होता की फवारणी सुरू झाली होती, ते बाहेरून कळेना. शेवरी-पांगाऱ्याच्या गर्द सावलीत सगळं हिरवं-काळं दिसत होतं. दाराशी गिरजाबाई, पुंजाजीची बायको, पदरानं डोळे पुसत उभी होती. डोळे लालबुंद झाले होते.

"काय झालं काकू?"

"काही नाही व माय. सकाळी पिशवी फोडली तं भुर्रकन उडालं. पंचमीच्या धुपाचा धूर बसला असन डोयात, त्यानं अजूनच आग करून राह्यलं."

"पाणी घ्या. भरपूर घ्या, आणि डोळे धूत राहा. थांबू नका. धुराचं नाही ते." राजमतीनं दाराशी ठेवलेल्या घागरीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतायला सुरुवात केली आणि आत हाक मारली, "पुंजाजीकाका! बाहेर या!"

दांड्याचा आवाज थांबला. "कोन? राजीताई? तुमी इकडे काहून आल्या? सुतक हाय ना तुमाले?"

"मी आत येत नाही. तुम्ही या."

"आता कसा येऊ? पूजा करून आत शिरलो. एकदा शिरलो का काम होईलोक बाहेर येत नसते. बोला ना तिथूनच, आयकू येते मले."

म्हणजे तिला ओरडूनच बोलायचं होतं. घरात बाबा गेल्यापासून सगळी हळू बोलत होती. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

"काका, ते औषध मारू नका! ते विष आहे!"

 आत पुंजाजी हसला, वाईट न वाटू देता. "इष कसं राहीन ताई? कथिल हाय ते. शेठनंच सांगतलं."

"ते भांड्याचं कथिल नाही. तेच कथिल, पण त्याला दुसरं काही जोडलंय. जोडलं की ते कातडीतून आत जातं. तुमच्या पायांतून जाईल, हातांतून जाईल. आणि पान तर लोक तसंच खातात, काका! बाळंतिणी खातात!"

"कोन सांगतलं?"

"अकोल्याच्या सरांनी."

"ते सर आपल्या जागी मोठे असतीन. मले काय ठावं? मी त्याइच्या शब्दावर नाही घेतलं. शेठच्या शब्दावर घेतलं." आवाज आता जवळ आला होता. कुडाच्या फटीतून त्याचे अनवाणी पाय दिसत होते, अजून कोरडे. "ताई, राग नका येऊ देऊ. बाप गेल्यावर लेकराच्या मनात नाही नाही ते येते. मायाबी मनात आलं होतं."

गिरजाबाई डोळ्यांवर पाणी मारता मारता म्हणाली, "अहो, पोरगी एवढ्या लांबून सुतकात चालत आली, आयकून तं घ्या! माये डोये पाहा इकडे येऊन, मंग बोला."

"आयकूनच तं राह्यलो."  पुंजाजीच्याही आवाजात आता काळजी होती. बायकोचे डोळे त्याला फटीतून दिसले असावेत. "ताई, येवढंच सांगा. शेठ जाताना शब्द बदलून गेले काय? मांगून काही म्हनले काय तुमाले? तुमी हो म्हना. मी आत्ता पंप ठेवतो."

एक अक्षर पुरे होतं. आईनं तेच हातात ठेवून तिला पाठवलं होतं, पुंजाजीही तेच मागत होता, आणि त्यात कुणाचं काही वाईट होणार नव्हतं. पान वाचलं असतं, पाय वाचले असते, बाबांचा शब्द जसाच्या तसा राहिला असता. राजमतीनं तोंड उघडलंही.

पण मग कथिल गरीबच राहिलं असतं. पुढच्या पावसाळ्यात दुसरा कुणी विक्रेता दुसरी पिशवी घेऊन आला असता, आणि पुंजाजी चार बाऱ्यांना सांगत सुटला असता, की शेठनं मागे फक्त ती एक पिशवी परत मागवली होती, कथिलाला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. आणि आणखी एक होतं, ते तिला त्या क्षणी नीट शब्दांत मांडता आलं नसतं. आजवर बाबांच्या तोंडी जे जे होतं, ते चुकीचं का असेना, त्यांचं स्वतःचं होतं. जे ते कधी बोललेच नाहीत, ते आता, त्यांना हसून नाही म्हणता येत नसताना, तिनं त्यांच्या तोंडी घालायचं?

"नाही," ती म्हणाली. "ते काही बदलून गेले नाहीत. गेले तेव्हाही त्यांना ते कथिलच वाटत होतं."

"मंग?"

गिरजाबाईचे हात पाण्यात थांबले. मळ्यातून गार, ओलसर वास येत होता. राजमतीनं घागर खाली ठेवली, कुडाच्या काड्या दोन्ही हातांनी धरल्या, आणि फटीतून नव्हे, मान वर करून, मळ्याच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

"मग त्यांचं चुकलं, काका! तुमचे पाय त्यांना बघवले नाहीत, म्हणून त्यांनी ते दिलं. माया होती म्हणून दिलं. पण त्यांचं चुकलं! माझ्या बाबांचं चुकलं!"